चेंबर नंबर तीन

सावद्याला, झोपेमामांच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये
आम्ही तालीम करायचो, ते रिकामं असलं की.
आत चौघं, पुण्याच्या कुणासारखे तरी.
पुण्याचे ते कुणासारखे, हे हितेंद्रला पाठ.

गेल्या साली सगळे कुजबुजत गायचे, आम्ही कुजबुजलो.
यंदा मधेच थांबायची टूम आली.
थांबलो.
त्या शांततेत नवाज तडवी म्हणाला,
बाहेर बघ, टिश्यूची बाग,
एका उंचीची, एकाच आठवड्यात निसवणारी.

मग आयोजकाचा फोन: तुमच्या मातीतलं आणा ना,
अहिराणी वगैरे, सध्या चालतंय.
आमची लेवाबोली.
नवाजच्या घरी तर तिसरीच.

पुण्यात वाजवलं. खाली उतरल्यावर
एका मुलीनं विचारलं,
तुम्ही सगळे एकसारखेच बेसूर कसे?

परत येऊन ट्यूनर लावला.
तीन वर्षं, नकळत,
शेजारच्या दोन नंबरच्या कॉम्प्रेसरशी
आम्ही तारा जुळवत होतो.
काळी दोन नाही, पांढरी तीनही नाही,
मधलंच काहीतरी, घुमणारं.

हितेंद्र म्हणतो, दुरुस्त करू.
तो ट्यूनर धरून बसलाय.
मी अजून खुंटीला
हात लावलेला नाही.