तिसरा खंड

पेट्या आल्या तेव्हा मी मोजल्या, बेचाळीस.
डॉक्टर इनेस म्हणाले, एक्केचाळीस धरा.
एका पेटीत नुसते हातमोजे होते, लोकरीचे,
त्यांच्याकडच्या कुठल्याशा थंड गावात
चर्चच्या बायांनी आफ्रिकेसाठी विणलेले.
ते आम्ही स्वयंपाकघरात दिले,
गरम पातेली उतरवायला.

तेव्हापासून मी या कॉलेजचा ग्रंथपाल.
त्याआधी इथलाच माळी.
कुदळ ठेवली न् किल्ल्या घेतल्या, एवढंच.
डॉक्टरांनी आकडे शिकवले:
देव दोनशे एकतीस,
पाप दोनशे तेहेतीस,
शेवटच्या गोष्टी दोनशे छत्तीस.
मरण, न्याय, पुनरुत्थान, सगळं एकाच फळीवर,
खिडकीखाली, जिथे भिंतीला ओल येते.
मी म्हटलं होतं, अबाम्बो, ही फळी नको.
ते म्हणाले, क्रम म्हणजे क्रम.

सतरा वर्षं तो तिसरा खंड शिकवला त्यांनी.
पुस्तक एक, मुलं बावीस.
ते वाचत, मुलं उतरवून घेत चिचेवात,
वह्या संपल्या की खताच्या कागदी पिशव्या फाडून,
त्यांच्या आतल्या अंगावर.

मग तो डिसेंबर.
संध्याकाळची उपासना चालू होती
आणि बाहेर दिव्याखाली जमीन उतू गेली,
दुधासारखी. वाळवी, पंख फुटलेली, हजारोंनी.
विद्यार्थ्यांच्या बायका परातींत पाणी घेऊन धावल्या,
माझी एनेलेसी सगळ्यांच्या पुढे.
बाकं रिकामी झाली एकेक करून.
प्रार्थना सांगणारा लेव्हिसोनीसुद्धा
आमेन तोंडात धरून बाहेर पळाला.
आत डॉक्टर एकटे.
चष्म्याच्या काचेवर एक पंख चिकटलेला,
तो त्यांनी पुसला नाही.

सकाळी तासासाठी त्यांनी खंड काढला.
पाठीवरची सोनेरी अक्षरं जशीच्या तशी.
उघडला, तर आत माती,
ओली, भाजक्या विटेच्या रंगाची,
बोगदे न् बोगदे.
न्यायाच्या दिवसाचा एक कोपरा शिल्लक होता,
आणि थोड्या तळटीपा.
तळटीपा त्यांनाही रुचल्या नसाव्यात.

मी काही बोललो नाही.
मला त्या फळीचं आधीपासून ठाऊक होतं
आणि ठाऊक असणं त्या दिवशी फार जड झालं.
डॉक्टर जमिनीवर बसले, पाय पसरून,
आमच्या म्हाताऱ्या मयताच्या घरी बसतात तसे.

लेव्हिसोनीनं त्याच्या पिशव्यांचा गठ्ठा आणला.
डॉक्टर चिचेवा वाचतात सावकाश, बोट ठेवून.
एका ओळीवर बोट थांबलं:
'आई बियाण्याची कणसं चुलीवर टांगते, धुरात.
फेब्रुवारीत घरात दाणा नसतो,
तरी त्यांना कुणी हात लावत नाही.
मेलेले तसे ठेवलेले आहेत.'
हे मी कधी सांगितलं?
लेव्हिसोनी मान खाली घालून उभा.
मीच म्हणालो,
तुम्ही नाही, अबाम्बो. उतरवताना झालं ते.

बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले.
रागावले की काय, मला कळेना.
गोऱ्या माणसाचा चेहरा उन्हानं लाल होतो, तसाच रागानंही.

तेवढ्यात एनेलेसी आली,
हातात ते लोकरीचे हातमोजे, त्यात तवा,
तव्यात रात्रीचं पीक, पंख झाडून भाजलेलं, तडतडतं.
तिला पुस्तकाचं काय माहीत?
ती म्हणाली, गरम आहे तोवर घ्या.

डॉक्टरांनी एक उचलली, दोन बोटांत धरली,
खंडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
हिनंच खाल्लं असेल का, त्यांनी विचारलं,
पण कुणाला, ते समजलं नाही.
मग तोंडात टाकली.
चावली.

मीठ हवं होतं, म्हणाले.

एनेलेसी मीठ आणायला गेली.
मी नोंदवही उघडली, दोनशे छत्तीस,
आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
ते विचारायला तोंड उघडलं,
तर ते तव्यात दुसरी शोधत होते.