दुसरा भाग

पहिल्या भागात नऊ मेले होते.
दुसऱ्यात एकवीस. मी तिकिटाच्या पाठीवर
चार उभ्या, एक आडवी अशा रेघा ओढत गेलो,
वाळपईच्या बाजारात नारळ मोजतात तशा.
रात्री पणजीला चारशे शब्द पाठवले:
'रक्त रगड, रान कमी. भीती मध्यंतरात
शेंगदाणे आणायला गेली, ती परतलीच नाही.'
तारे दीड. त्यातला अर्धा छायालेखकाला.

सकाळी उल्हास गांवकराचा फोन.
फॉरेस्टात आहे, तेवीस वर्षं.
माणसं मेली त्याबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं.
"शीळकरी कस्तूर मध्यरात्री गातो होय?
आणि तो कोयतेवाला ज्या झाडाआड दबा धरून बसतो
ते आकेशिया आहे हो, सरकारी लागवड.
मी स्वतः खड्डे मोजलेत त्याचे.
ह्यांना ते हजार वर्षांचं अरण्य!
हे लिहा की."
मी म्हटलं, जागा नव्हती.

जुझेने बकरं सोलता सोलता सुरी पुसली,
साक्षीला उभा राहिल्यासारखा.
"मानेतून असं कारंजं उडत नाय, पात्रांव.
दोन उसळ्या, मग नुसता ओघळ.
आणि रंग? घडीभरात काळवंडतो.
त्यांचा पहाटेपर्यंत तांबडा तो तांबडाच.
पयशे परत मागतलों हांव."
वजन करून पिशवी हातात देताना, हळूच:
"तिसरो केन्ना येता?"

प्रा. कुमुदिनी शिरवईकर बाईंनी दोन कॉलम लिहिले.
'विखंडित देह' सात वेळा.
(शेवटची कदंब चुकेल म्हणून
बाई मध्यंतरालाच उठल्या होत्या.
मी दार धरलं होतं त्यांच्यासाठी.)

बाबुसो झोरे दोन्ही भागांत मेला.
पहिल्यात पालथा, तीनशे रुपये.
दुसऱ्यात तोंड दिसतं, उजवा हात तुटतो,
आठशे, आणि जेवण.
डोंगरावरच्या वस्तीतून तो नि भागी खाली आली होती,
माझ्याच पुढच्या रांगेत,
तिच्या डोक्यात सुरंगीचा वळेसर, म्हणून मला
सगळा संहार त्या वासातच दिसला.
हात उडाला तेव्हा थेटर हसलं. मीसुद्धा.
रबराची करंगळी उलटी बसवलेली.
भागीने अंधारात चाचपून त्याचा उजवा हात ओढला,
मांडीवर घेतला,
अंगठ्याकडून बोटं मोजली.
मग करंगळीकडून, पुन्हा.

बाहेर आल्यावर बाबुसोच बोलत होता, ती नाही.
रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग, भाऊ.
शूटिंगवाले गेले, पण व्हाळाकडच्या
खडकावर ते तसंच राहिलं.
दुसऱ्या दिवशी मुंगळ्यांची रांग, ही एवढी.
रात्री उदमांजर येऊन चाटून गेलं असणार,
पावलं होती.
चौथ्या दिवशी खडक धुतल्यासारखा.
"त्यांना आवडलं म्हणायचं," तो म्हणाला,
आणि मी हसायची वाट बघू लागला.

पुरवणीचं पान बुधवारी लागतं.
आज गुरुवार. पेपर टेबलावर आहे,
दीड तारा छापून आलाय, अर्धा जरा पुसट.
तिकीट अजून खिशात.
पाचापाचाच्या चार जुड्या
आणि एक रेघ सुटी.
ती कुणाची होती ते काही केल्या आठवत नाही.