दम

माझं नाव धुराजी.
आज्ज्याचं होतं, मला चिटकलं.
सरकारी दवाखान्यात, खोली नंबर एकोणीसमधे,
रजिस्टरात ते लिहिताना सिस्टर हसली नाही,
म्हणून मी दुसऱ्या दिवशीबी गेलो.

काझी मॅडमला गोळी मागितली.
म्हणाल्या, याच्यावर अशी गोळी नाही.
बूट आहेत का?
आठवड्यातले पाच दिवस, अर्धा अर्धा तास,
बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही
एवढ्या वेगानं पळायचं.

गाणं कोण म्हणणार होतं?

आठ वर्षं मालधक्क्यामागच्या फुटक्या टाकीत
मी, शादुल आन् कचरू
चिलमीला ओली साफी गुंडाळून
पाळीपाळीनं आभाळ खाली ओढायचो.
जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात.
मी परभणीत राहूनबी परभणीत नव्हतो.
दिवसा गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायच्या.
एका मास्तरांच्या प्लेटीवर पाच आकडे काढले,
जागा चारची.
मास्तर मोजत बसले. मी हसत बसलो.

पहिल्या दिवशी, पहाटं साडेपाचला,
कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर
दुसऱ्या खांबापाशीच फुप्फुस तोंडात आलं.
गुडघ्यावर हात ठेवून वाकलो,
तर एक रिटायर तलाठी, मफलर, काठी,
मला ओलांडून गेले.
वापस येतानाबी ओलांडून गेले.
"काहून पळायलास रे? कुत्रं लागलं का मागं?"
"व्हय," म्हणलो. "आठ वर्षांचं हाय."

झोप नाही. भाकर तोंडात भुशासारखी फिरायची.
एकदा ताट भिरकावलं, अंगणात गरगरत गेलं.
रेवता म्हणली,
"आता त्याच्या मागं पळ."

पाचव्या दिवशी घामाला तो वास आला.
रस्त्यात थांबून स्वतःचं बनियन हुंगलं.
मॅडम म्हणाल्या, चरबीत बसलेलं असतं, पळताना हलतं.
म्हणजे घरात पाहुणा मुक्कामाला
आन् घरधन्यालाच पत्ता नाही.

मग स्वप्नं पडाय लागली,
सगळी थकबाकी एकदम.
जवारीच्या उभ्या ताटांतून बाप येतो,
माझ्या हातातला कुंचला घेतो,
प्लेटीवर आकड्यांच्या जागी माझं नाव लिहितो
आन् त्यातला रा खाऊन टाकतो.
मी झोपेतच ओरडतो, बापू, रा, रा.
रेवता उठून पाणी देते.

अकराव्या दिवशी चुकलो.
टाकीत कसा गेलो ते पायांना विचारा.
शादुलनं जागा करून दिली, काहीच विचारलं नाही.
एकच मारला.
खोकला असा आला की टाकी घुमली,
वरची कबुतरं उडाली,
कचरू म्हणला, "ह्याचं फुप्फुस नवं झालं की बे."

मॅडमनं वही उघडली.
"आज पळालास?"
"नाही."
"मग अजून दिवस मावळला नाही."

त्या संध्याकाळी वसमत रोडनं पळालो,
धुळीत, हॉर्नात, ऊसाच्या ट्रॅक्टरांच्या कडंकडंनं.
मीच रंगवलेल्या प्लेटा
मला एकेक करून मागं टाकत गेल्या.
बावीस, बावीस, बावीस.
एकीवर चारच्या जागी पाच आकडे.
मास्तरांनी बदललीच नव्हती.

साफी आता मानेला असते, घाम पुसायला.
धुतली लई वेळा. डाग हाय तसाच.

काल पहाटं पुलाच्या कठड्यावर शादुल बसलेला.
चप्पल हातात घेऊन उठला,
अनवाणी दोन खांब माझ्यासंगं आला.
तिसऱ्यापाशी खाली बसला, म्हणला,
"दम लागला रे."

आठ वर्षांत हा शब्द
आम्ही दुसऱ्याच कामाला वापरला होता.
दोघंबी थोडा वेळ त्याच्याकडंच पाहत राहिलो.

माझे अठ्ठावीस खांब होतात आता.
एकोणतिसाव्यावरचा दिवा बंद हाय,
त्याच्या पुढं रस्ता दिसत नाही.
तिथून वापस फिरतो.
सध्या.