परत न मिळणारी रक्कम

हाचिनोहेच्या बँकेत, तीन नंबरच्या खिडकीमागे
मी सत्तावीस फेब्रुवारी काढले.
दर फेब्रुवारीत पोरं येतात आईबापांना पुढे करून,
हातात प्रवेशशुल्काची स्लिप.
मी वाचते : नाव, खातं, रक्कम.
बाकीचं वाचायचं नसतं.

इसोगाई मागच्या मंगळवारी येऊन गेले होते.
स्क्विडच्या बोटीवरचा माणूस. नोटा मोजायला
अंगठा ओला करावा लागत नाही,
तो ओलाच असतो.
दोन लाख येन. मी शिक्का मारला.

आज पुन्हा आले, सोबत नागिसा,
आणि स्लिप दुसऱ्या विद्यापीठाची.
काल तिथलाही निकाल लागला होता.

वासेदा आणि केइओ.
बंदरावर ही नावं एका दमात घेतात,
एकाच घरातल्या दोन भांडखोर जावांची घ्यावीत तशी.
लिलाव पुकारणारा म्हणतो, केइओ,
तिथली माणसं एकमेकांना धरून असतात.
शाळेतले बेसबॉलचे सर म्हणतात, वासेदा,
आणि का म्हणून विचारलं की नुसते लाल होतात.
नागिसाला कुणी विचारलंच नाही असं नाही,
विचारलं,
पण दरवेळी जेवताना, तिच्या तोंडात घास असताना.

"आधीचे पैसे परत मिळतील ना?"
नाही कसं म्हणायचं हे बँक शिकवते :
मान किती झुकवायची, आवाज कुठे सोडायचा.
नाही, मी म्हटलं. ते जागा धरून ठेवण्याचे होते.
"म्हणजे न जाण्याची किंमत,"
इसोगाई म्हणाले. हसून नाही,
मासळीचा भाव ऐकून घ्यावा तसे.

"राहू दे बाबा. आधीचंच चांगलं आहे."
चांगलं हा शब्द तिने असा उच्चारला,
जणू कुणाचा जुना कोट
खांद्यात बसतोय तर घेऊन टाकू.

इसोगाईंनी पाकीट काउंटरवर ठेवलं.
रबरबँड दोनदा गुंडाळलेलं.
म्हणाले (तिला नाही, मला) :
"रात्रभर दिवे जाळतो आम्ही समुद्रावर.
स्क्विड फिरकलंच नाही
तर डिझेल कोण परत देतं?"

माझ्या खिडकीत अशा प्रश्नाचा रकाना नाही.

तीनला सात मिनिटं होती.
तीनला शटर खाली येतं,
ते कुणासाठी थांबत नाही,
मी एकदा साहेबांना विचारून पाहिलंय.

तिने साखळीचं पेन उचललं.
साखळी आखूड, उजव्या बाजूला ठोकलेली,
आणि पोरगी डावखुरी.
हात पोचेना, तशी ती थांबली.
एवढ्या साध्या गोष्टीवर माणूस थांबू शकतं,
आणि थांबलं की मग थांबूनच राहतं.
मी माझं पेन सरकवलं.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे.

पुढे तिने ती स्लिप भरली की घडी घालून खिशात टाकली,
शेवटी कुठलं नाव मागे पडलं,
हे सांगणार नाही.
खातेदाराची बाब आहे.

शटर उतरल्यावर मी त्यांना बाजूच्या छोट्या दारातून सोडलं.
बाहेर जमिनीवर पातळ बर्फ, मिठासारखा.
दार लागता लागता एवढंच ऐकू आलं,
इसोगाई विचारत होते,
"तोक्योला बूट वेगळे लागतात का गं?"