पंचवीस फूट

आधी हात धुवा. कुंद्याचं तूप
फिल्मला लागलं की महिनाभर रडाल.
तबस्सुम, खिडकीत नको, इकडं ये,
रीळ सावलीतच उघडायचं,
जिन्याखाली, नाहीतर दाराआड,
तेही नसेल तर आपल्याच पोटाशी वाकून,
ऊब धरून बसलेल्या कोंबडीसारखं.

ही चावी. फिरवा. अजून.
अडली की थांबा, जबरी नको,
स्प्रिंग माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
केसाएवढा फरक बोटाला कळायचा,
तरी हिचं एक दातेरी चाक
मला तीनदा करावं लागलं.

फिल्म पंचवीस फूट. म्हणजे आपल्या उंबऱ्यापासून
हलगेकरांच्या नळापर्यंत.
एका बाजूला दोनच मिनिटं.
बसलिंग काल म्हणाला, मामा, मोबाईलवर
तासभर येतंय की, मग हे कशाला?
मी चहा ओतला.
त्याच्या बहिणीचं लग्न मोबाईलवर चार तास आहे.
पाहिलं कुणी?

कडक ऊन असेल तर अकरावर ठेवा,
ढग आला की आठवर. बाकी डोळ्याला कळतं.
कॅमेरा फिरवायचा तर
म्हैस मान वळवते तसा,
आणि शक्यतो फिरवूच नका.
माणसाला सांगू नका हस म्हणून.
थांबा. ती आपोआप कंटाळतात,
मग जे करतात, ते घ्या.

दोन मिनिटं झाली की पुन्हा सावली शोधा,
रीळ काढा, उलटं घाला,
आता रिकामी बाजू.
हे विसरू नका. मी विसरलो होतो.
शहापुरात, गच्चीवर,
इंदू मिरच्या वाळत घालत होती,
आणि तिच्याच अंगावरून, त्याच फुटांवर,
दुसऱ्या गेटाजवळची मालगाडी घेतली.
अजून आहे ती फिल्म. इंदू वाकते,
पदर खोचते, माझ्याकडं बघून काहीतरी बोलते,
आणि तिच्या पोटातून
खानापूरकडं एकेचाळीस डबे जातात.
दर दिवाळीला तीच लाव म्हणायची.
डबे मोजायची.

फिल्म न्हाणीघरात धुऊ, रात्री, बादलीत.
वाळली की या चिरणीतून ओढायची.
हीपण मीच केली, आत दाढीचं पातं आहे.
मधोमध चिरते, एका पट्टीच्या दोन,
मग टोकाला टोक चिकटवायचं.
मधली रेघ म्हटल्यावर हसलात का?
कळलं मला. आपल्या गावात
रेघ म्हटलं की कुणीतरी हसतं,
नाहीतर कुणीतरी उठून जातं.
बसा. ही नुसती फिल्मची आहे.

आवाज? आवाज येत नाही यात.
एक दाखवतो, भिंतीवर, पडदा ओढ.
हे बघ, नळ. ही हलगेकरीण,
ही बसलिंगची आज्जी, निंगव्वा.
भांडण रंगलंय. एक मराठीत,
एक कन्नडमध्ये, मी तिथंच होतो.
आता सांगा, कुठली कुठल्या भाषेत?
बघा नीट. तोंडं सारखीच उघडतात.
मागं घागर भरून वाहालीय,
तिच्याकडं दोघींचं लक्ष नाही.
बसलिंग, उठू नकोस,
संपेल आता, हे बघ संपलं.

चला. कोण आधी?
ज्योत्स्ना, मुतग्याहून दोन बसा बदलून आलीस,
तूच घे. डावरी आहेस?
असू दे, घे डाव्या हातात,
कॅमेऱ्याला काय कळतंय.
आता दहा आकडे मोज, हळू,
तोवर हलायचं नाही.
काय घेतेस? चपला?
दारातल्या? सगळ्यांच्या?
मी काही बोललो नाही.

ती मोजू लागली, तबस्सुम तिच्याबरोबर,
बसलिंग कन्नडमध्ये, मुद्दाम मोठ्यानं,
ओंदु, एरडु, मूरु,
घर्रर्र आवाज तिघांच्या खालून
शिवणयंत्रासारखा चालला होता,
आणि सातावर
बंद.

चावी पुरी दिली नव्हतीस, पोरी.

नाही, बिघडलं काही नाही.
फिरव परत.