इंचभर माया

रुवीच्या हाय स्ट्रीटमागे, मोबाईलच्या दुकानाला लागून
परकारांचं शिलाईचं दुकान.
गुरुवारी रात्री दहाला शटर अर्धं खाली येतं
आणि कापायच्या टेबलाचा दिवाणखाना होतो.

एसी बंद करावा लागतो,
नाहीतर नूतनचा हुंदका त्याच्या घरघरीत जातो.
चाळीस अंशांत आम्ही महाबळेश्वरची थंडी करतो,
शाल पांघरून, दात वाजवून,
घाम तापाचा आहे असं धरून चालून.

नाटकात वडिलांचा एक कोट आहे.
राखाडी, तीन बटणांचा.

पहिल्यांदा तो थत्त्यांनी घातला.
सोहारहून दोनशे किलोमीटर गाडी हाकत यायचे,
वाटेत संवाद म्हणत.
एकदा रडायच्या प्रवेशात पोलिसानं अडवलं
आणि कागद न बघता पाण्याची बाटली दिली.
मग त्यांची दोह्याला बदली झाली.

मग उदगीरकर. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत.
परकारांनी कोट उसवला, दोन्ही कुशींतून सैल केला.
पाच प्रयोग ठरले होते, दोन झाले.
कंपनी बुडाली.
मंगळवारी पहाटे फोन:
"वडील गेले असं समजा. मी विमानतळावर आहे."

आता प्रणीत. इस्लामपूरचा, वय सव्वीस,
दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो.
कोट हँगरवर भरलेला दिसतो,
त्याच्या अंगावर नाही.
"ह्याला बाप करायचा?" नूतन म्हणाली.
मी म्हटलं, करायचा.
दिग्दर्शक मी, खजिनदार मी,
सतरंज्या उचलायलाही मीच,
तेव्हा निर्णय लवकर होतात.

"बाजूचं कापड कापून टाका," मी परकारांना सांगितलं.
त्यांच्या तोंडात टाचण्या.
एकेक काढून त्यांनी उशीला टोचली, मग बोलले,
"कापायचं नाही. आत दुमडायचं.
पहिल्याच दिवशी इंचभर माया ठेवलीय.
थत्ते काय जन्माला पुरणार होते?"

परवानगीसाठी नाटक अरबीत गेलं,
परत आलं तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ.
शेवटी मुलगी बापाला जे म्हणते, तेच.
आता तिथे नूतन काही बोलत नाही,
त्याच्या कोटावरचा एक धागा काढते, बस.
लेखकानं लिहिलं होतं त्यापेक्षा हे बरं झालं.
लेखकही मीच,
त्यामुळे हे कबूल करायला तीन महिने लागले.

प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये.
घंटा शाळेचीच, शिपाई बशीरनं दिलेली.
तिसरीला पुढच्या रांगेतली दोन मुलं
सवयीनं दप्तर शोधू लागली.
एकशे बारा माणसं, त्यातली चाळीस फुकट.

प्रणीत बरा होता. बाप वाटत नव्हता,
पण पाठ होतं सगळं.
मग तो क्षण आला. नूतन जवळ गेली
आणि धागा खरंच होता,
पांढरा, बाहीपाशी,
परकारांनी घाईत घातलेला कच्चा टाका.
तिनं ओढला.
सर्र करून दुमड सुटली,
बाही खाली घरंगळली, पंजा झाकून बोटांच्याही खाली.

विंगेत मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा प्रणीत त्या बाहीकडे बघत होता,
कोट वाढला की आपण आटलो
हे ठरवत असल्यासारखा.
मग त्यानं बाहीचं टोक मुठीत धरलं
आणि खुर्चीवर बसला, हळू, गुडघे सांभाळत.
तिसऱ्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.
माझ्याशेजारी परकार पुटपुटले, "चूक माझी."

हॉलचे अठरा रियाल अजून द्यायचेत.
प्रणीतचा व्हिसा मार्चपर्यंत.

पुढच्या गुरुवारी मी विचारलं,
तो टाका पक्का केलात का?
परकार मशीनवर वाकले होते,
कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशात.
मान वर न करता म्हणाले,
"पांढराच घातलाय. कच्चा."