आई म्हणाली, येतो

वडगावात वीज गेली की सगळे माग एकदम गप्प.
तीच आमच्या शाळेची घंटा.
कांड्यांची टोपली लवंडून शर्वी पळत येती,
मी सूत खाली ठेवायच्या आत मांडीवर असती.

पुण्याच्या मामेबहिणीनं पाठवलेले
झेरॉक्सचे बारा कागद भिंतीला चिकटवलेत, खळ लावून.
एक आठवडा, एक चित्रांचं पुस्तक.
सोमवारी नुसतं वाचा. मंगळवारी तेच पुन्हा वाचा.
बुधवारी गोष्टीतलं काहीतरी मोजा.
गुरुवारी उभ्या रेघा.
शुक्रवारी समुद्रावर घेऊन जा.
समुद्र नसला तर काय, ते कागदात नाही.
परातीत पाणी ओतून नीळ घातलो मागच्या वेळी,
तिनं बोट बुडवून चाखलं, म्हणाली, खारट नाही.

"चार वर्सं झाली, साळंत घाल की," सासूबाई म्हणतात,
"खरं कुठल्या?"
कन्नड, मराठी, इंग्लिश. तीन बोटं वर करतात
आणि तिन्ही तशीच धरून बसतात.
परशराम उद्यमबागेतनं येतो भट्टीचा वास घेऊन,
म्हणतो, बघू.

या आठवड्यात खेकडीण आहे.
बुधवारी पाय मोजलो, पायाला एक कांडी,
नांग्या धरून दहा झाल्या.
उंबऱ्यावर बसलेली शेजारची नागव्वा म्हणाली, एडी.
दोन्ही नावं शर्वीनं ठेवून घेतली,
एक चालताना, एक चावताना.

आज तेच पान.
वाळूत तीन पिल्लं. खेकडीण पाठमोरी, पाण्याकडं निघालेली.
मी वाचतो :
आई म्हणाली, मी येते हं, लाटा वाढायच्या आत.

"ही आई नव्हं."
मग कोण गं?
"दुसरी बाई. आई 'येतो' म्हणती."

मामेबहिणीच्या लग्नात
मी आलो, मी जेवलो, मी बसतो इथंच, असं म्हणालो
तर वरपक्षातली एक बाई पदर तोंडाला लावून हसली होती.
परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून
येते, जाते, करते, असं घोकत आलो,
दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं.
निपाणीपर्यंत टिकलं.
संकेश्वरला चहा प्यालो आणि विसरलो.

ते काय ह्या पोरीला सांगू?
म्हटलं, पुस्तकात असंच असतंय.
तिला पटलं नाही. उठून उंबऱ्याकडं गेली.
"नागव्वा, तू कसं म्हणतीस? येतो का येते?"
नागव्वा तांदळातला खडा फेकून म्हणाली, "बर्तीनि."
"आणि शिवप्पामामा?"
"अवनू बर्तीनि अंतान."
बाई, बाप्या, सगळे बर्तीनि.

शर्वी परत आली, निकाल घेऊन आल्यासारखी.
"बाबा बी येतो. तू बी येतो. खेकडी बी येतो."
आणि बोट ठेवली बरोबर त्या शब्दावर,
जो तिला अजून वाचता येत नाही.

मी बघत राहिलो.
येते. येतो.
मधे एक काना, बस.
आज गुरुवार.

खडू तिच्या हातात दिलो, निळा.
म्हटलं, इथं, ह्या त-च्या मागं,
वरनं खाली, सरळ. सोड हात. आता थांब.
थांबली नाही.
पहिलीच रेघ तिची. शिरोरेषेपासनं निघाली,
ओळ ओलांडून, वाळू ओलांडून
थेट खेकडिणीच्या पोटापर्यंत गेली.

मागं खटाखट सुरू झाले एकाएकी, सगळ्या गल्लीत.
मी उठलो, तुटलेला धागा शोधायला.
मागनं ती ओरडत होती, मागाच्या आवाजावर आवाज चढवून :
"आई, आता अकरा झाले पाय!"